चौघांनी जाळलेला कॉम्प्युटर

१

रविवारी सकाळी कुणी दार वाजवलं की माझं डोकंच फिरतं. आठवडाभर शहापुरातल्या माझ्या क्लासमध्ये पोरं कीबोर्ड बडवत असतात. एक दिवस तरी माणसाला लोळू द्या! पण त्या रविवारी दारात गिरजावहिनी उभी होती. भातसानगरहून पहिली एसटी पकडून आलेली, केस न विंचरलेले, आणि बोलायच्या आधीच डोळ्यांना पदर.

"संघरत्नाताई, कॉम्प्युटर जळला गो आमचा," ती म्हणाली. "आन् हे प्रज्वलला घरातनं काढतायत. आज दुपारच्या गाडीनं."

मी हातातला चहा खाली ठेवला.

प्रज्वल म्हणजे गिरजावहिनीच्या नवऱ्याचा, काळूराम पष्टे यांचा भाचा. काळूरामदादा भातसा धरणावर नोकरीला, राहायला तिथल्याच वसाहतीत, क्वार्टरमध्ये. प्रज्वलचं गाव मुरबाडकडे, म्हशाच्या पलीकडे. बाप वारलेला. आई, पारू, दुसऱ्यांच्या शेतावर जाते. मामानं त्याला घरी ठेवून घेतलं, डिप्लोमाला घातलं. माझ्या क्लासला येणाऱ्या पोरांत इतकं हुशार पोरगं मी दुसरं पाहिलेलं नाही. त्याच्या तोंडावर मी हे कधी बोलले नाही, कारण पोरं लगेच शेफारतात. आता हा गावी परत गेला की शिक्षण संपलं, पुढे वीटभट्टी नाहीतर गोदामात हमाली.

"जाळला कुणी?" मी विचारलं.

"सगळी बोलतात प्रज्वलनं." गिरजावहिनीनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण ताई, त्यानं नाय जाळला. मी जाळला."

२

एसटीत बसल्यावर तिनं सगळं सांगितलं. दर शुक्रवारी ती त्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावते. या शुक्रवारी कुंकू ओघळलं म्हणून तिनं तो ओल्या फडक्यानं पुसला. जाळीतून पाणी आत गेलं असणार, असं तिला शनिवारपासून वाटत होतं, पण नवऱ्याचा अवतार बघून तोंड उघडायचा धीर झाला नव्हता.

"हात लावायची मला लय भीती गो. शॉक बसंल म्हणून त्याच्या टेबलाचा खणसुद्धा मी कधी उघडत नाय. नुसता वरनं पुसला."

"शुक्रवारी पुसला. मग शनिवारी चालू झाला होता का?"

"झाला तर! दुपारी नरू गेम खेळत व्हता ना."

नरू म्हणजे नरेंद्र, तिचा मुलगा, प्रज्वलच्याच वयाचा.

"मग तुझ्या पाण्यानं काही झालेलं नाही. एवढंसं पाणी रात्रीत सुकतं. रडू नको आता, लोक बघतायत."

ती रडायची थांबली. पण माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. शनिवारी संध्याकाळी प्रज्वलनं बटण दाबलं, कॉम्प्युटर चालू झाला नाही, जळका वास आला आणि सगळे त्याच्यावर धावून गेले, असं तिनं मला सांगितलं होतं. दुपारी नरेंद्र त्याच कॉम्प्युटरवर बसला होता, हा विषय मात्र घरात कुणीच काढला नव्हता.

३

तो कॉम्प्युटर साऱ्या वसाहतीला ठाऊक होता. २००३ सालची गोष्ट. माझ्या क्लासातल्या कॉम्प्युटरांची धुडं जो गेम उघडतानाच दम तोडायची, तो यांच्या घरात पाण्यासारखा चालायचा. आणि तो उभा केला होता भंगारातून. मदरबोर्ड कल्याणच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतला, रॅम उल्हासनगरची, ग्राफिक्स कार्ड कुणाच्या तरी ओळखीनं जुनं मिळालेलं. पैसे प्रज्वल आणि नरेंद्र या दोघा भावांनी सुट्टीत मंडपाची कामं करून जमवलेले. नवा वेगवान प्रोसेसर काही परवडला नाही, म्हणून प्रज्वलनं जुनाच जास्त पळवला. सेटिंगमध्ये जाऊन ठरल्यापेक्षा जास्त वेग द्यायचा, याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. वेग वाढला की प्रोसेसर तापतो. म्हणून कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडी टाकून त्यावर घरातला टेबलफॅन सोडलेला. गिरजावहिनी उकाड्यानं हैराण, आणि कॉम्प्युटर मात्र गार हवेत!

क्वार्टरच्या व्हरांड्यात काळूरामदादा तांब्यानं चुळा भरत होते. एक झाली, दुसरी झाली, मी चपला काढेपर्यंत तिसरी चालू.

"मॅडम, तुमी कशाला तरास घेतला," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. "त्याला जाऊ द्या त्याच्या आईकडं. मी पारूला फोन करून सांगितलंय."

"काय सांगितलंत?"

"पोरानं घर पेटवत आणलं म्हणून."

"एक कॉम्प्युटर बंद पडला, दादा. घर कुठं पेटलं?"

त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि उत्तर टाळलं. गिरजावहिनी माझ्या कानाशी पुटपुटली, "कालपासनं असंच चाललंय. जेवले पण नायत. म्हणे, भाजीत तेल किती ओतलंस! तेल तर नेमाचंच व्हतं. म्हशाच्या जत्रेत तंबाखू सोडली ना, तवापासनं तोंडाला चव नाय त्यांच्या."

आत प्रज्वल कपड्यांच्या पिशवीची गाठ मारत होता. मला बघून उठून उभा राहिला, मान खाली.

"मॅडम, मीच जाळला. वेग वाढवला, व्होल्टेज पण वाढवलं. तुम्ही सांगितलं होतं, हाव करू नको."

"कधी वाढवलंस?"

"दिवाळीत."

"त्यानंतर?"

"त्यानंतर हात नाय लावला. तेवढ्यावरच चालत होता, रोज. तापमान पण बघायचो मी."

"मग दिवाळीपासून, आता जत्रा होऊन गेली तरी, नीट चालणारा प्रोसेसर काल दुपारीच का मरेल? अक्कल गहाण टाकलीस का रे?"

"दुपारी?" त्यानं मान वर केली. "मॅडम, मी संध्याकाळी बटण दाबलं."

कोपऱ्यात खाटेवर बसलेला नरेंद्र उठला आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला.

४

घरात बाकी सगळं शाबूत होतं. त्याच स्विचबोर्डावरचा टीव्ही चालू, स्टॅबिलायझर ठणठणीत, टेबलफॅन गरगरतोय. म्हणजे विजेचा झटका नाही. मी स्क्रूड्रायव्हर मागितला आणि जमिनीवर बसून डबा पुढे ओढला.

प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा असतो, त्याच्याखाली ॲल्युमिनियमचा ठोकळा. प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यानं ओढून घ्यायची, पंख्यानं ती बाहेर फेकायची, एवढंच त्यांचं काम. इथला पंखा चांगला दांडगा होता, आणि नवाकोरा.

"हा कधी आणलास?"

प्रज्वल वाकून बघायला लागला आणि त्याचा चेहराच बदलला. "मॅडम, हा माझा पंखा नाय. माझा छोटा होता, काळा."

काल संध्याकाळपासून कुणी आत डोकावलंच नव्हतं. वास आला, आरडाओरडा झाला, आणि याला त्या कॉम्प्युटरजवळ फिरकू दिलं नव्हतं.

"नरेंद्र!" मी हाक मारली. "पाणी पिऊन झालं असेल तर ये बाहेर. नाहीतर मी येते."

तो आला. "मॅडम, मी जाळला," तो म्हणाला आणि मग धरण फुटल्यासारखा बोलत सुटला. उल्हासनगरला गेला होता, तिथे पंखा दिसला. प्रज्वल काल प्रॅक्टिकलला गेला होता. तो परत यायच्या आत बसवायचा आणि त्याला चकित करायचं, असा बेत. बसवला, चालू केला, गेम लावला. झकास चालला. आणि खेळता खेळता स्क्रीन काळी पडली आणि वास आला.

"मला वाटलं थोड्या वेळानं होईल चालू. तेवढ्यात प्रज्वल आला आणि त्यानं बटण दाबलं. आणि बाबा त्याच्यावरच ओरडायला लागला. मी... मी नाय बोललो."

"रात्रभर पण नाय बोललास?" प्रज्वल म्हणाला. "शेजारी तर झोपला होतास."

नरेंद्र भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. गिरजावहिनीनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तीच रडायला लागली. काय सांगू, या घरात त्या दिवशी जो तो डोळे पुसत होता. मला मात्र अजून उत्तर मिळालं नव्हतं. मोठा पंखा बसवून प्रोसेसर जास्त गार राहायला हवा. तो जळला कसा?

५

मी पंखा उचलला. ठोकळ्याखाली पांढरी खपली होती, कोरडी, भेगाळलेली. नखानं खरवडली तर पीठ पडलं. ठोकळ्याचा चकचकीत तळही डागाळून खरबरीत झालेला.

"पेस्ट लावली होतीस?"

"लावली ना मॅडम. प्रज्वल लावतो तशीच. खणातल्या ट्यूबमधली."

प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये जी पांढरी पेस्ट लावतात ती वर्षभरानंही तुपासारखी चिकट राहते. तिच्यामुळेच उष्णता ठोकळ्यात जाते. एका दुपारीत तिचं पीठ होत नाही. मी टेबलाचा खण ओढला. स्क्रू, जुन्या सीडी, आणि एक छोटी पांढरी ट्यूब, लेबल नसलेली.

"हीच?"

"हीच," नरेंद्र म्हणाला.

प्रज्वलनं ट्यूब हातात घेतली. "माझी पण अशीच आहे, कोरी. कल्याणच्या दुकानदारानं दिली तेव्हापासून. पण माझी एवढी भरलेली नव्हती. आणि हिच्यावर बघा, लेबल खरवडून काढलंय. अजून कागद चिकटलाय."

मी थेंबभर बोटावर घेतला. पातळ, पाणीदार. चोळला तसा चरचरला आणि बघता बघता बोटावर पांढरा सुकला. असा पांढरा अंगठा मी लहानपणापासून बघत आलेय. आमच्याकडे दर दुसऱ्या पुरुषाचा असतो.

"नरेंद्र, तू प्रोसेसरला चुना लावलास," मी म्हणाले. "तंबाखूत मळायचा चुना. ओला होता तोवर चाललं. गेम सुरू झाला, तापला, चुना सुकून फुटला, आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट उरली नाही. खाली आधीच जोरात पळवलेला प्रोसेसर. मेला बिचारा."

"चुना?" गिरजावहिनी डोळे पुसायची थांबली. "आमच्यात चुना कुठनं आला? घरात कोण तंबाखू खात नाय आता."

व्हरांड्यातला चुळांचा आवाज थांबला होता.

मला तेव्हा खरंच उकळ्या फुटत होत्या. कोडं सुटत आलं की माझं असंच होतं, जिभेला हाड राहत नाही. मी मुद्दाम बाहेर ऐकू जाईल असं म्हणाले, "चुना खणात राहिला, म्हणजे खरी पेस्ट दुसऱ्याच कुणीतरी उचलली. ती पेस्ट म्हणजे केमिकल आहे बरं का. कुणाच्या तोंडात गेली असेल तर सरळ दवाखाना गाठायला हवा."

काळूरामदादा दारात येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"किती खाल्ली तर, मॅडम?" त्यांनी विचारलं.

६

हसू यायला हवं होतं, पण कुणीच हसलं नाही. ते दारातच उंबऱ्यावर बसले आणि खिशातून ट्यूब काढून पुढे ठेवली. ती खरी पेस्ट होती.

"थुंकलात ना? मग मरत नाही तुम्ही," मी म्हणाले. "पण दवाखान्यात दाखवून या. आता मी सांगते, चुकलं तर सांगा. जत्रेत तंबाखू सोडली, पण सुटली नाही. पुडी कुठेही दडवता येते, चुन्याची ट्यूब मात्र वहिनीनं पाहिली असती तर लगेच ओळखली असती. वहिनी कॉम्प्युटरचा खण उघडत नाही, म्हणून ट्यूब तिथे ठेवलीत, आणि दिसलीच तर कॉम्प्युटरची वाटावी म्हणून लेबल खरवडलंत. काल घाईघाईत हात दुसऱ्या ट्यूबवर पडला. तेव्हापासून तोंडातला तेलकटपणा जात नाही, आणि शिव्या भाजीला."

त्यांनी मान हलवली. "मळतानाच कळायला पायजे व्हतं. मळला आन् टाकला तोंडात. घाबरून कोणाला बोललो नाय."

माझं काम इथे संपलं होतं. प्रज्वलचा दोष नाही हे सगळ्यांसमोर सिद्ध झालं होतं. तोंड मिटून उठले असते तर बरं झालं असतं. पण एक गोष्ट मला खुपत होती, आणि खुपलेलं विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"पण दादा, तुम्हाला चुन्याचं काही माहीत नव्हतं. कॉम्प्युटर बंद पडला एवढंच दिसलं. तेवढ्यासाठी भाच्याला घरातून हाकलून देता? असे तर तुम्ही नाही."

त्यांनी पुढ्यातली ट्यूब बोटानं बाजूला सरकवली. मग प्रज्वलकडे न बघता म्हणाले, "शपथ घेतली व्हती मी. म्हशाला, देवासमोर. ह्याच्या डोक्यावर हात ठेवून. आन् मोडली. तवापासनं रोज धाकधूक, पोराला कायतरी व्हनार. काल तो वास आला, हा त्या मशीनीपाशी उभा, मला वाटलं आलंच ते. आज मशीन जळली, उद्या पोरगा जळंल. म्हटलं, माझ्यापासनं लांब गेला तर वाचंल."

गिरजावहिनीनं कपाळाला हात लावला. "आन् मी सगळ्या वसाहतीत सांगत फिरली! पोटच्या पोरापेक्षा भाचा लाडका, म्हणून त्याच्या डोक्यावर हात ठेवला."

"बाबा," नरेंद्र म्हणाला. रडून त्याचा आवाज बसला होता. "मी पण तिथंच उभा व्हतो ना. मी जवळ व्हतो. तू मला बाजूला करून हात पुढं नेलास."

काळूरामदादांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मला म्हायती व्हतं," ते म्हणाले. "माझ्यानं नाय सुटणार ते म्हायती व्हतं मला."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. हे मी बाहेर काढलं होतं, माझ्या हुशारीनं. पोराला घर परत मिळवून द्यायला आले होते, आणि त्या घरात त्याची जागा कोणती ते त्याच्याच तोंडावर मांडून बसले. प्रज्वल मात्र रडला नाही. त्यानं उघडा डबा नीट बंद केला, स्क्रू जागेवर लावले.

"मामा, शपथेनं काय नाय जळलं," तो म्हणाला. "चुन्यानं जळलं. पण तू आईला फोन केलास. आता माझ्यासंगं चल आणि तिला सांग. मी काय केलं नाय ते सांग. आन् कोणाच्या डोक्यावर हात ठेवलास, तेपण सांग. मग ती बोलंल तसं करू."

"पारूला काय तोंड दाखवू रे?"

"ते मला नाय म्हायती."

काळूरामदादा उठले. दवाखान्यातून सरळ मुरबाडची गाडी धरायची ठरली. नरेंद्रही मागोमाग निघाला. आपण गप्प बसलो ते आत्याला आपणच सांगणार म्हणाला. गिरजावहिनी आणि मी व्हरांड्यात उभ्या राहिलो. तिनं मला चहा विचारला नाही, आणि मला त्याचा राग आला नाही.

सोमवारी क्लासमध्ये मी पोरांना उगाच फैलावर घेत होते. नजर सारखी दाराकडे. पहिली बॅच संपताना प्रज्वल आला आणि नेहमीच्या जागेवर बसला. मी हातातलं सगळं टाकून त्याच्याजवळ गेले.

"राहतोयस?"

"हो मॅडम. आई राहा म्हणाली. मामानं पण विचारलं, येशील का म्हणून."

"सांगितलं त्यांनी तिला? सगळं?"

"सगळं. हाताबद्दल पण."

"मग भांडली?"

"नाय. काहीच बोलली नाय. भात टाकला, मामाला जेवायला वाढलं. मामा खाईना, तर जेव म्हणाली. आमचं जेवण झाल्यावर मामाच्या हातावर पाणी घालत होती, तेव्हा बोलली." त्यानं स्क्रीनकडे बघतच सांगितलं. "दादा, तुझ्या घरात दोन हायत. मला हा एकच हाय."

प्रज्वलनं कीबोर्ड जवळ ओढला आणि अर्धवट राहिलेला धडा उघडला.